दारातल्या देवकापसाची सरकी

नरहर साहेब आणि रत्नप्रभा मॅडम यांचं भांडण शकुबाईनं चहाचा ट्रे हातात धरून दाराआडून ऐकलं. आत जावं तर मोठ्या माणसांच्या मधात तोंड घातल्यासारखं, न जावं तर चहा निवणार.

"आधी करार, मग बी," साहेब म्हणत होते. "तुमची संस्था असेल दक्षिणेतली मोठी. पण हा देवकापूस आमच्या केंद्राचा आहे. मी शोधलाय."

"शोधलाय म्हणजे? जंगलात गेला होतात?" मॅडमचा आवाज चढला. "मागे आमच्याकडची रानकपाशी नेलीत, तेव्हा कराराचं नाव काढलं नव्हतं. मूठभर बी मागतेय, तुमची जमीन नाही मागत."

"देऊ ना मूठभर. पण नाव आमच्या केंद्राचं राहील."

"नाव लावा, पाटी लावा, पण बी द्या!"

शकुबाईला हसू आलं. दोघंही माझं-माझं करत होते, आणि ज्या झाडाचं ते बी, ते झाड तिच्याच दारात, भांडी घासायच्या दगडापाशी उभं होतं. तेवढ्यात चहा निवला. भांडण त्या दोघांचं, पण बोलणी खाल्ली शकुबाईनं.

शकुबाई फुलसावंगीकडची. घरी थोडी कोरडवाहू शेती, तिथं नवरा देवराव राबायचा, आणि ही रस्त्यालगतच्या कापूस संशोधन केंद्रात रोजानं जायची. देवकापूस म्हणजे शेतातल्या कपाशीसारखा सालभराचा पाहुणा नाही. तो दारात वर्षानुवर्षं राहतो, आणि देवापुढच्या वाती त्याच्याच. शकुबाईच्या लग्नात आईनं तिच्या पदराला याच झाडाची सरकी बांधून दिली होती. आईच्या पदराला आजीनं बांधली होती. सासरी गेलं की उंबरठ्यानंतर पहिलं काम ते, सरकी मातीत घालायची. उद्या अर्पिता, तिची एकुलती लेक, जाईल तेव्हा तिच्याही पदराला हीच जायची होती.

त्या भांडणाच्या आधी एकदा साहेब घरी आले होते आणि भर उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना हिरवंगार झाड पाहून थबकलेच. "थोडं बी देशील का?"

"न्या न बापा, लागन तेवढं न्या," शकुबाई म्हणाली. ओंजळ भरून दिली, वर कुंकवाचं बोट लावलं. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं!

मग ते गुलाबी बोंडअळीचं साल आलं. वरून बोंड हिरवं टंच, फोडलं की आत काळवंडलेला कापूस आणि मजेत पडलेली अळी. लोकांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. केंद्रातून फर्मान निघालं, की देवकापूस उन्हाळ्यातही हिरवा राहतो, अळीला त्यावर आसरा मिळतो, गावातले सगळे काढा. साहेब गाडीतून उतरले ते थेट शकुबाईच्या दारात.

"तू आमची माणूस, शकुबाई. सुरुवात तुझ्यापासून. म्हणजे गाव ऐकेल."

कुऱ्हाडही घरचीच लागली. देवरावनं तोडलं, बोंडांसकट जाळलं. शकुबाई मनाशी म्हणाली, जळू दे, बी साहेबाच्या कपाटात हाय. दारात झाड उभं असताना घरात बी कोण साठवतं? गावानंही ऐकलं. महिन्याभरात कोणाच्याच दारात देवकापूस राहिला नाही.

अर्पिताचं लग्न जुळलं तशी शकुबाई साहेबांकडे गेली. "साहेब, चिमूटभर सरकी वापस द्या न. मीच तं देल्ली होती."

"शकुबाई, ते आता संशोधनाचं साहित्य आहे. संस्था संस्थेला देते, करार करून. असं माणसाला देता येत नाही."

"मंग मले संस्था करा न, साहेब."

साहेब पोट धरून हसले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो विनोद सगळ्यांना सांगितला, आणि सांगता सांगता ठसका लागला म्हणून पाणी तिलाच आणायला लावलं.

दुसऱ्या गावचा देवकापूस मिळाला असता. पण तो दुसऱ्या कोणाच्या आईचा.

आणि तेच बी केंद्राच्या वावरात पेरायला, निंदायला, वेचायला हीच होती! वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या फडक्याच्या ओटीत पडायचा, आणि सुटताना फाटकाशी चौकीदार बाबूसिंगसमोर एकेक बाई ओटी उलटी करून झाडून दाखवायची. एक सरकी बाहेर जाता कामा नये.

वेचणीला तिच्या जोडीला तांड्यावरची जमनी असायची, तोंडाची फटकळ. "लेकीच्या लग्नात काय रडत बसशीन? मी आणून देते," ती म्हणाली, आणि थोडी सरकी तिनं अंबाड्यात खोचली. फाटकाशी ओटी झाडायला वाकली तशी एक सरकी केसांतून घरंगळली. बाबूसिंग तिच्याच तांड्याचा. त्यानं बूट पुढं सरकवून ती झाकली असती, पण मागं साहेब उभे होते.

"केस सोड."

"म्हातारीचे केस पाहून काय करता, साहेब?"

कोणी हसलं नाही. जमनीनं अंबाडा सोडला. सरकी खाली पडली.

"कोणासाठी नेत होतीस?"

"घरी एक ढोर हाय न, खादाड. मीच."

मग साहेबांनी तिला लुगडंही सोडून झाडायला लावलं. तिथं आडोसा नव्हता. गडीमाणसं जमिनीकडे पाहत होती, काही पाहतही नव्हती जमिनीकडे. शकुबाई आपली उलटी ओटी हातात धरून उभी राहिली. माझ्यासाठी नेत होती, एवढंच म्हणायचं होतं. पण पीक गेलेलं, लग्न तोंडावर, आणि चूल पेटायची ती याच रोजावर. तिचं तोंड उघडलं नाही. जमनीनंही नाव घेतलं नाही. तिला तिथूनच काढून टाकलं. जाताना लुगडं नेसत म्हणाली, "लग्नात बलावजो मले."

बोलावलं नाही. लग्नाला साहेब येणार होते ना! साहेब आले, पोटभर जेवले, भिंतीवरचं घड्याळ देऊन गेले. आणि अर्पिताच्या पदराला शकुबाईनं दुकानच्या पाकिटातली सरकी बांधली, विषारी औषध चोळलेली, रंगवलेली. अर्पितानं गाठ सोडून पाहिली, बोटं गुलाबी झाली.

"माय, हे तं वावरातलं हाय."

"नंतर देते बाई, आपलं."

"नंतर दे. पण दे वो."

सासरी पोचताच सासूनं आधी साबणानं हात धुवायला लावले आणि सरकी उकिरड्यावर टाकली. तेव्हापासून दर दिवाळीला अर्पिता माहेरी आली की पिशवी ठेवायच्या आत विचारायची, "भेटलं का?"

शेवटी दोन्ही संस्थांचा करार झाला. नरहर साहेबांची बदली झालेली, केंद्राला कुलूप लागणार होतं, आणि देवकापसाचं होतं-नव्हतं तेवढं बी रत्नप्रभा मॅडमकडे जाणार होतं. थैली शिवायचं काम शकुबाईचं, पुसदच्या बसस्थानकावर पार्सल द्यायचं कामही तिचंच.

"एवढं पोचव, शकुबाई. उद्यापासून यायचं नाही," साहेब म्हणाले, चहात साखर कमी घाल म्हणावं तसं.

थैली मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. तांड्याच्या फाट्यावर जमनी चढली. रिकामी जागा तिच्याच शेजारी होती.

"काय वो, कोणाचं लेकरू घेऊन चालली?"

"पार्सल हाय."

जमनीनं थैली दाबून पाहिली. "तेच हाय न?"

शकुबाईनं थैली पोटाशी ओढली.

"मंग उसव न एक टाका. तूच शिवला, तूच उसव. कोण पाहून राह्यलं?"

"वजन करून देल्लं हाय."

"वजन!" जमनी हसली. "मी गड्यामाणसांत लुगडं सोडलं तुह्यासाठी. तुले टाका उसवत नाही?"

शकुबाईचा अंगठा शिवणीवर गेला. नखाला दोरा लागला. गाठ तिचीच होती, थुंकी लावून घट्ट मारलेली, नेहमी मारायची तशी. खिडकीबाहेर वावरं मागं जात होती. अंगठा तिथंच राहिला.

"अर्पिता कशी हाय?" जमनीनं विचारलं.

"बरी हाय. बी मांगते."

"मांगू दे," जमनी म्हणाली, आणि पुसद येईपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

पार्सलच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, काय आहे? शकुबाई म्हणाली, "संस्थेचं हाय." थैली आत गेली. पावती तिनं पदरात बांधली, साहेबांना आवडते ती कचोरी स्थानकाबाहेरून घेतली आणि परतीची बस धरली.

केंद्राच्या इमारतीला कुलूप लागलं होतं. साहेब दुपारीच गेले होते. तिनं पावती आणि कचोरी बाबूसिंगच्या हातात दिली. मग रांगेतल्या आपल्या जागी जाऊन उभी राहिली, सवयीनं बांधलेली रिकामी ओटी सोडली, उलटी केली आणि झाडली.

"आता कायले झाडता, मावशी? कोणी नाही इथं."

शकुबाईनं वाकून पाहिलं, खाली काही पडलं का. काही पडलं नव्हतं. ओटी घडी करून तिनं काखेत मारली आणि फाटकाबाहेर पडली.