कापून बघणारे दस्तगीरचाचा

लेसर वेल्डिंगचे मशीन विकणाऱ्या कंपनीने मला फसवले आणि त्यात दस्तगीरचाचा गेले.

साताऱ्यातल्या माझ्या कारखान्यात हवेच्या टाक्या बनतात. तिथले वेल्डिंगचे जोड सांगलीचे दस्तगीरचाचा तपासायचे. रोज सकाळी पहिल्या जोडाचा तुकडा ते करवतीने आडवा कापायचे, आरशासारखा घासायचे आणि वर ॲसिडचा थेंब सोडायचे. मग वितळलेला भाग खिळ्यासारखा उमटायचा, वर रुंद, खाली निमुळता. भिंगातून बघून चाचा निकाल द्यायचे, "याला डोकं हाय, पाय न्हाई." म्हणजे जोड वरून देखणा, आत उथळ. अख्खे काम थांबायचे. मी ओरडायचो.

"वरडा शेठ, लय वरडा. वरडून त्यो आत उतरत आसंल तर मी बी वरडतो."

नव्या मशीनसाठी मी तीन दिवस घासाघीस केली. भाव उतरेना. शेवटी विक्रेत्याने स्क्रीनवर बोट ठेवले, "जोडाची खोली मशीनच मोजतं, साहेब. कापाकापी बंद!" तिथे मी भुललो. चाचांची करवत काढून कपाटात ठेवली.

आठवडाभर चाचा स्क्रीन बघत राहिले. मग म्हणाले, "आवं शेठ, रोज दोन मिलिमीटर म्हंजे दोनच? माझी बायकू इतकी वर्सं भाकरी थापती, अजून दोन भाकरी सारक्या येत न्हाईत."

आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्याने.

गेल्या महिन्यात टाकीत हवा भरून चाचणी चालली होती. गळती दिसावी म्हणून चाचा जोडाला साबणाचे पाणी लावत होते. जोड फाटला, झाकण त्यांच्या छातीवर बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

दफन करून परतलो आणि त्याच टाकीचा उरलेला जोड मी स्वतः कापला. खिळा एक मिलिमीटरही उतरला नव्हता. मशीनचा किरण ज्या काचेतून येतो तिच्यावर काजळी धरली होती, किरण अर्धामुर्धा पोचत होता. स्क्रीनवर मात्र दोन. मशीन काही मोजतच नव्हते! आम्ही मशीनमध्ये भरलेल्या वेगाच्या आणि किरणाच्या ताकदीच्या आकड्यांवरून नुसता अंदाज दाखवत होते.

मी विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "पुस्तिकेत 'अंदाजे' असं छापलंय, साहेब."

"मग माझ्या तोंडावर 'मोजतं' कोण म्हणालं?"

त्याने फोन ठेवला.

करवत मी काढून घेतली. तो माझा गुन्हा, चाचींसमोर बसून मी तो कबूल केला आहे. आता त्या विक्रेत्याने आणि त्याच्या मालकाने सांगलीला चाचींच्या दारात यावे, आणि सांगावे, मशीन कशाने मोजत होते?