पाणी उतरल्यावर

शकुबाई एकदा जाते म्हणाली की जाते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या पोटच्या पोराला मात्र ते दर वेळी नव्यानं कळायचं. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पोरगा म्हणजे यशराज. बारामतीच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याच्या साहेबांनी, श्रीपादरावांनी, जानेवारीत बेत काढला की भोरच्या डोंगरात, रानातल्या एका तलावावर तंबू ठोकून दोन दिवस राहायचं आणि मासे धरायचे. घरच्यांनाही घेऊन या म्हणाले. यशराज हे बायकोला, सुप्रियाला, सांगत होता आणि शकुबाई चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होती.

"मी बी येणार," ती म्हणाली.

"आये, तितं चढ हाय. थंडी हाय."

"मग गोधडी घेते."

झालं, विषय संपला. यशराजनं सुप्रियाकडं बघितलं, सुप्रियानं तव्याकडं बघितलं.

घर इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या पलीकडं, अगदी कालव्याच्या कडेला. नवरा गेला तेव्हा यशराज चार वर्षांचा होता. रान नाही, बैल नाही. शकुबाई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची आणि कालव्याचं पाणी बंद झालं की मासे धरायची. तिकडं ते असंच चालतं. पाण्याची पाळी संपली, वरनं धरणाची दारं पडली, की दोन दिवसांत कालवा उतरतो आणि पुलाखालच्या खड्ड्यांत मासे अडकून पडतात. चिलापी, शिंगटा, कधी हातभर मरळ. गळ नको, जाळं नको. चिखलात उतरायचं, धरायचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि चौकात जाऊन बसायचं. त्या पाटीवर यशराज आयटीआय शिकला.

आणि त्याच पाटीची त्याला लाज वाटायची. आडपडदा कशाला ठेवायचा, वाटायचीच. साहेबांना त्यानं सांगून ठेवलं होतं की आमची आई शेती बघायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्याजवळ येऊन बसला तेव्हाच तिला वास आला होता.

"आये, एक ऐक. तितं मासं इकल्याचं, चिखलात उतरल्याचं कायबी बोलायचं न्हाय. मोठी माणसं हायती."

शकुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पण ती एवढंच म्हणाली, "न्हाय बोलत."

तिला तलाव बघायचाच होता. नीरा नदी नरसिंहपूरला भीमेला मिळते ती जागा तिनं ढीगभर वेळा बघितली होती, पण आपल्या कालव्यात येणारं पाणी डोंगरात कुठं साठतं ते कधी बघितलं नव्हतं. तरी खरी गोष्ट निराळी होती, आणि ती तिनं सुप्रियालासुद्धा सांगितली नाही. पोरानं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं की ही माझी आई आणि हिनं मासे धरून मला वाढवलं. ते ऐकल्याबिगर परत यायचं नाही, असं ठरवूनच ती गाडीत बसली. मोरगावला गाडी थांबली तेव्हा तिनं देवळाच्या कळसाकडं बघून हात जोडले आणि तेच मागितलं.

तलाव मात्र डोळ्यांत मावेना. तिन्ही बाजूंना झाडीनं भरलेले डोंगर आणि मधे पाणीच पाणी. तंबू ठोकायला तिथलाच एक म्हातारा होता, म्हस्कू. बराच वेळ पाण्याकडं बघून शकुबाईनं त्याला विचारलं, "दादा, ह्याचं पाणी कधी बंद करत्यात?"

म्हस्कू हसला. साहेबांच्या बायको श्यामलाबाई, स्वभावानं चांगल्या, त्याही हसल्या. "मावशी, हा तलाव आहे. हा कुठं बंद होतोय?" यशराजचे कान लाल झाले. शकुबाईला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. वाहतं पाणी कधीतरी बंद होतं आणि मग मासे मिळतात, आयुष्यभर तिनं हेच बघितलेलं.

साहेबांनी चार रॉड आणले होते. रंगीत प्लास्टिकचे मासे गळाला लावून ते दुपारपासून खुर्ची टाकून बसले. यशराज त्यांच्या शेजारी, पडेल ते काम करायला. दिवस मावळला तरी दोरा काही हलला नाही. शेवटी सगळ्यांनी खिचडी खाल्ली. श्यामलाबाई शाकाहारी, त्यांचं काहीच अडलं नाही. साहेब मात्र हिरमुसले आणि यशराज त्यांच्यापेक्षा जास्त. शकुबाई सगळं बघत होती, तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. ते किती अवघड गेलं असेल ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

सकाळी उजाडताच ती तोंड धुवायला काठावर गेली आणि थबकली. काल जिथं बादली बुडवली होती तिथं आज ओला गाळ होता. पाणी दहा-बारा पावलं मागं सरलं होतं. दगडांवर ओली रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्या लगेच ध्यानात आलं. गावाकडं लोकांनी पाणी येणार म्हणून चार दिवसांपूर्वीच रानातले पाट झाडून ठेवले होते. तलावाच्या पलीकडच्या टोकाच्या धरणातनं पाळी सुटली होती, खाली, तिच्या कालव्यासाठी.

मग ती कुणासाठी थांबली नाही. काठाकाठानं गेली, रानातला ओढा तलावात शिरतो त्या कोपऱ्यापर्यंत. तिथं खडकांच्या मधे गुडघाभर पाण्याचं एक लांबट डबकं तलावापासून तुटून मागं राहिलं होतं. एका बाजूला गळ्यासारखं अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद. पाणी गढूळ होतं आणि आतून हलत होतं.

ती परत आली आणि स्वयंपाकाचं सामान भरून आणलेलं टोमॅटोचं जाळीचं क्रेट सतरंजीवर रिकामं करू लागली.

"आत्या, काय करताय?" सुप्रिया घाबरली. "त्यांनी नको म्हणून सांगितलंय."

"त्यानं बोलू नगं म्हणून सांगितलंय. मी बोलतीया का?"

तिनं लुगडं खोचलं आणि थेट डबक्यात उतरली. पाणी बर्फासारखं गार. अरुंद तोंडापाशी तिनं क्रेट आडवं लावलं, पण मासे रुंद बाजूला पळाले. ती तिकडून हाकायला गेली, तर क्रेट कलंडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला पाय घसरला आणि ती बसकन खाली बसली, हनुवटीपर्यंत चिखल. हे काम दोन माणसांचं. एकानं तोंडाशी धरायचं, एकानं पलीकडून पाय आपटत मासे पुढं घालायचे. एकट्यानं होत नाही, पण तिचा हट्ट आता ऐकायला तयार नव्हता.

तोवर सगळे जमले होते. श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, मावशींना कुणीतरी हात द्या." यशराज दातओठ खात काठावर आला.

"आये, भाईर ये."

"न्हाय."

"लोकं बघत्यात."

"बघू दे. लोकांनी जलमभर बघितलंय. तूच तेवढा बघत न्हवतास."

शकुबाईनं क्रेट उचलून परत तोंडाशी लावलं. गारठ्यानं तिचे ओठ काळेनिळे पडले होते, आणि तरीही ती तिथून हलायची नव्हती.

श्रीपादराव खाली वाकून त्या गढूळ पाण्याकडं बघत होते. "मासे आहेत की रे ह्यात," ते म्हणाले. "आपण दिवसभर भलतीकडंच बसलो. यशराज, मावशींना हे कसं माहीत?"

शकुबाईनं वर बघितलं नाही. आता तो म्हणेल, शेतात पाटाच्या कडेला कधी बघितलं असेल. तेवढं म्हटलं की संपलं. मग ती गुमान बाहेर येणार होती आणि पुन्हा कधी ह्याच्याकडं काही मागणार नव्हती.

मग पाण्यात काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. यशराज रुंद बाजूनं आत उतरला होता. बूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. कुणी काही सांगायच्या आत त्यानं वाकून दोन्ही हात पाण्यात घातले, पायानं गाळ ढवळला आणि ह्या कडेकडून त्या कडेकडं सरकत मासे पुढं ढकलायला लागला.

"सर," तो हाकता हाकता म्हणाला, वर न बघता, "ही आमची आय. शेतीबिती काय न्हवती आमच्याकडं. हिनं कालव्यात असंच मासं धरून, चौकात इकून मला शिकवलं. लहानपणी मी हाकायचो आन ही धरायची."

बोलणं संपेपर्यंत तो अर्ध्यावर आला होता. पाण्यात एक जाड, काळी पाठ वळली, हातापेक्षा लांब, आणि सरळ क्रेटात शिरली. मरळ होता. आणि शकुबाई मरळाकडं बघतच नव्हती. मरळानं अंगाचा पिळा दिला, क्रेटाच्या काठावरून उडी मारली, ओल्या खडकावरून घसरत पलीकडं तलावाच्या पाण्यात गेला. साहेब कपाळाला हात लावून उभे राहिले.

यशराज तिथंच थांबला, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. "आये, ध्यान कुठं हाय तुझं?"

"तुझ्याकडं," शकुबाई म्हणाली. मग तिनं क्रेट नीट लावलं. "जा, परत हाक."