एकोणीस फोटोंची गल्ली

माझा राग तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या रागानं माझी कशी शोभा केली, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. चहा घ्या, सांगतो.

आमच्या काकांचं देवराज मोहल्ल्यात चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान. ते बंद करून काका मुलाकडं हुबळीला निघाले, तेव्हा मी ऐटीत जाहीर केलं, की तुमची अख्खी गल्ली एका लांब फोटोत जोडून देतो. शुक्रवारी विठ्ठलाच्या देवळात निरोपाचा कार्यक्रम होता.

मित्राचा कॅमेरा घेतला. समोरच्या फुटपाथवरून चालत, चार पावलांवर एक, असे एकोणीस फोटो काढले आणि रोल स्टुडिओत धुवायला दिला. फोटो आले, घरी क्रमानं मांडले, तर एकाची कड दुसऱ्याला लागेना! सराफाच्या पाटीचं अर्धं नाव एका फोटोत, आणि पुढच्यात भलत्याच दुकानातली केळी.

माझं डोकं फिरलं. तसाच स्टुडिओत गेलो आणि फोटोंची खिचडी केली म्हणून मालकाला फैलावर घेतलं. तो बिचारा शांत माणूस. फिल्मवरचे नंबर दाखवत "सार, ओंदु निमिष," म्हणजे एक मिनिट ऐका, असं कानडीत म्हणत राहिला. मी कशाला ऐकतोय? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. गिऱ्हाइकांदेखत म्हटलं, हे काम सोडा आणि इडलीची गाडी लावा. त्याचा चेहरा उतरला.

घरी येऊन मी कात्री घेतली. जे जुळत नव्हतं ते छाटलं, उरलेलं पुठ्ठ्यावर चिकटवलं.

शुक्रवारी काकांनी पुठ्ठा मांडीवर घेतला. कौतुकानं पाहिलं, मग जोडांवरून बोट फिरवत थांबले.

"आपलं दुकान सराफाच्या डावीकडं. इथं उजवीकडं कसं आलं रे?"

मी वाकून पाहिलं, खरंच उजवीकडं होतं.

"फोटो काढत कुठल्या हाताला चालत गेलास?"

"डाव्या."

"आणि चिकटवत गेलास उजवीकडं? डावी बाही उजव्या खांद्याला लावलीस की रे."

सगळं देऊळ हसलं. माझे कान तापले. राग तर मावत नव्हता, पण काढायला माणूसच उरला नव्हता.

तडक स्टुडिओत गेलो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागितली. मालकानं खालच्या खणातून एक लांब गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. एकोणीस फोटो, एकही जोड दिसत नव्हता, आणि मधोमध काकांचं दुकान.

"फिल्मवरून दुसरी प्रत काढून पहिल्याच दिवशी जोडून ठेवलं होतं, सार," तो म्हणाला. "तुम्ही बोलू दिलं असतं तर तेव्हाच दिलं असतं."