सुलेखाचं माप

सुलेखाला चिकट म्हणणाऱ्या एकेकाला समोर बसवून मला चार शब्द सुनावायचे आहेत.

अमेरिकेत नोव्हाय गावी तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, त्र्यंबकचं, रेस्टॉरंट होतं. बार ती सांभाळायची. स्वतः कधी थेंबाला शिवली नाही, पण व्हिस्की ओतायची ती स्टीलच्या मापानेच. एक ड्रिंक म्हणजे एक माप, मग गिऱ्हाईक गोरं असो की पुण्याचं. गोरे मुकाट प्यायचे. आमच्या मंडळींच्या डोळ्यांत मात्र ते माप खुपायचं. "वहिनी, औषध देताय का?" म्हणून खिदळायचे.

ती म्हणायची, "एका घरी बोटभर ओततात, दुसऱ्या घरी अर्धा ग्लास, आणि दोन्हीकडे म्हणायचं एकच घेतला. मग त्या एकाला अर्थ काय?"

आमच्या तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होता कुमार. 'आपण दोनच घेतो' हे त्याचं ब्रीद, आणि त्याचं केवढं कौतुक! गाडीच्या पार्टमध्ये केसाइतका फरक खपवून न घेणारा हा इंजिनिअर. ग्लासात किती ओतलंय, हे कधी बघायचा नाही.

पंच्याऐंशीच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत कुठल्याही वारी येवो, आमचं मंडळ ती शनिवारीच करायचं. दुपारचं जेवण सुलेखाकडे होतं. ती आणि मी आत गुळपोळ्या लाटत होतो, म्हणून बारवर त्र्यंबक उभा राहिला. त्याने माप ड्रॉवरमध्ये टाकलं. आपल्या माणसांना काय मोजून द्यायचं? आग्रह हा आमचा थोर गुण. समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, ग्लास अर्धा दिसता कामा नये.

आम्ही बाहेर आलो तेव्हा कुमार कोट चढवत होता. बाहेर बर्फ पडत होता. बायको शैला आणि सात वर्षांची रेखा दाराशी उभ्या होत्या. सुलेखाने त्याचा ग्लास पाहिला आणि दार अडवलं.

"भावजी, तुम्ही ड्राइव्ह करायचं नाही."

"वहिनी, दोनच घेतलेत. विचारा कोणालाही."

"दोनच, दोनच," सगळे ओरडले.

तिने ग्लासाकडे बोट दाखवून विचारलं, "व्हिस्की कुठपर्यंत ओतली होती?" त्र्यंबकने ओशाळून दाखवलं. तिने तिथपर्यंत पाणी भरलं आणि सगळ्यांसमोर मापाने मोजलं. तीन मापं निघाली.

"दोन ग्लास. म्हणजे सहा ड्रिंक झाले."

कुमार भडकला. "हा इन्सल्ट आहे! ऐन सणाला?"

मंडळी तिच्यावरच उलटली. "अगं, तिळगूळ खाल्लास ना? जरा गोड बोल." तिने पोलिसांना बोलवायला फोन उचलला, तर त्र्यंबकने तो हातातून काढून घेतला. आपल्या माणसावर पोलीस? तेवढ्यात कुमार तिला बाजूला सारून बाहेर पडला.

तिने रेखाला ओढून माझ्या हातात दिलं आणि शैलाचा दंड धरला. शैला हळूच म्हणाली, "राहू दे गं. चारचौघांत त्यांना एकटं कसं जाऊ देऊ?"

गाडी पुढच्या वळणावर झाडावर आदळली. शैला जागीच गेली. कुमारचा नुसता हात मोडला.

आणि मंडळ काय म्हणालं? सुलेखाने भर सणात अपमान केला, त्याचं डोकं फिरलं, म्हणून गाडी घसरली! हे मी या कानांनी ऐकलंय, तेही शैलाच्या दिवसांच्या जेवणात, हातात ग्लास धरलेल्यांच्या तोंडून. आजही ऐकलं की अंगाची लाही होते.

कुमार रेखाला न्यायला आला, तेव्हा मी सुलेखाकडेच होते. प्लॅस्टरमधला हात सावरत तो उंबऱ्यातच रडायला लागला. "वहिनी, देवाशपथ सांगतो, दोनच घेतले होते."

रेखा सुलेखाचा पदर धरून उभी होती. बापाकडे बघून म्हणाली, "नो डॅडी. इट वॉज सिक्स. मावशीने मोजलं."

"असं बोलू नये, बाळा," त्र्यंबक घाईघाईने म्हणाला.

"बोलू दे तिला," सुलेखा म्हणाली.