अचलपूरला टाक घडवायला

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांनी अचलपूर पाहायला जायचं काढलं. ते भातकुलीला मास्तर. लेकीनं जुनी राजधानी पाहिलीच पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात. मायला दरवाजे-बुरुजांशी काय देणंघेणं! ती निघाली ते तिथल्या सोनाराकडे जायला.

माझा थोरला भाऊ तापानं गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. आमच्यात बिनलग्नाचा पोरगा गेला की त्याचा चांदीचा टाक करून देवांत बसवत; बोटाएवढा पत्रा, त्यावर घोडेस्वार. मायनं तो अचलपूरहून करवून आणला होता आणि रोज त्याच्याशी बोलायची. दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी सगळे देव फडक्यात बांधून पेढी नदीत सोडले. त्यात भाऊही गेला.

"देव गेले त्याचं काई नाई," माय म्हणाली, "माह्या पोराले काहून सोडलं?" बाबा चिडले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

एसटीतून उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. बाबा परकोट दाखवत होते, दुल्हा दरवाजा दाखवत होते, कोणता सुलतान कुठून आला ते सांगत होते. हौज कटोरा नावाच्या जुन्या मनोऱ्याच्या पडक्या कमानींत वटवाघळांचा असा वास, की मी नाक दाबून बाहेर आले. कसलं डोंबलाचं वैभव! मायनं मान वर करून एक दगड पाहिला नाही. शेवटी म्हणाली, "आता मले सोनाराकडे न्या." बाबा चालू लागले.

सोनार तोच होता, म्हातारा. माय पुढं झाली. "भाऊ, तुमीच केला होता माह्या पोराचा टाक. तसाच पायजे. तेच तोंड."

त्यानं पितळी ठसा काढून समोर ठेवला. "ठसा एकच असते, बाई. आमच्या आज्यापासून हाच. साऱ्यायच्या पोरायले हाच."

माय त्या ठशावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "राहू द्या. दुसऱ्याचं लेकरू घरी नेऊन काय करू?"

परतीच्या गाडीत ती रडली नाही. मला तिच्या न रडण्याचीच भीती वाटत होती. गाव मागं पडल्यावर तिनं बाबांना विचारलं, "तुमाले आठवते का त्याचं तोंड?"

बाबांनी टोपी काढून तोंडावर धरली. "नाई," म्हणाले. "तुले?"

"सकाळपर्यंत आठवत होतं."