तोंडावरचं कौतुक

आमच्या भुईगावात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. दृष्ट लागते. चर्चमधली रविवारची मिस्सा आम्ही कधी चुकवत नाही, पण दृष्टीवरचा विश्वासही सोडलेला नाही. कुणी चुकून म्हणालंच, की साडी छान आहे, तर लगेच तिच्यात खोट काढायची. जुनी आहे, रंग गेलाय. दुसऱ्याचं काही आवडलं तरी शेवट खोटीनेच करायचा. "केस बरे हायत, पन तेल कोन घालील?" असं आई म्हणाली की मी दिवसभर खूश.

आई आयुष्यभर तांबडं, चौकड्यांचं नऊवारी लुगडं नेसत आली. आमच्या आळीत आता ती एकटीच नेसते, आणि मला त्याचा भारी तोरा. वसईच्या बाजारात ती केळी विकायला बसायची तेव्हा शाळा सुटल्यावर मी गर्दीत ते तांबडं शोधायची. अख्ख्या बाजारात तिच्यासारखी ऐटीत बसणारी दुसरी बाई नव्हती.

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, घरातली माणसं शिकलेली, बायका रेशमी साड्यांतल्या. आईने जाहीर करून टाकलं, की लग्नात ती पाचवारी गोल साडी नेसणार. "चार लोकांत पोरीची मान खाली जायला नको."

माझ्या नाकावर राग असतोच. मी चिडले, लेकीने विनवलं, आई बधली नाही. नातीच्या लग्नात माझी आई दुसऱ्याच कुणासारखी दिसणार, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी ब्लाउज शिवायला मीच तिला वसईत शिंप्याकडे नेलं.

दुकानात एक मुलगी माप द्यायला थांबली होती. केसांची एक बट निळी, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. ती आईकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आजी, तुमचं हे नेसणं कसलं भारी आहे. आणि काय रुबाबात चालता तुम्ही त्यात."

थट्टा असेल तर भांडायची माझी पूर्ण तयारी होती. आईने रीतीप्रमाणे खोट काढली. "जुनं हाय गो बाय. विटलंय."

"विटलंय म्हणूनच छान दिसतंय," मुलगी म्हणाली. "मी नालासोपाऱ्याला राहते, आमच्या बिल्डिंगमध्ये असं कुणी नेसत नाही. गावाला माझी आजी नेसायची. ती गेली. आता घरात कुणालाच येत नाही."

आईने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "पॅन्ट फाटकी हाय," ती म्हणाली, "पन शोभते तुला."

मी चाट पडले. आईचं वाक्य खोटीवर न संपलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग आईने शिंप्याकडून एक लांब कापड मागून घेतलं आणि पडद्याआड त्या पोरीला निऱ्या कशा घ्यायच्या, काष्टा कसा खोचायचा ते शिकवलं. आतून दोघींचं हसू ऐकू येत होतं. शिंपी बिचारा दाराशी ताटकळत उभा. बाहेर आल्यावर आई त्याला म्हणाली, "ब्लाउज ऱ्हाऊ दे."

लग्नाच्या दिवशी ती कोऱ्या तांबड्या लुगड्यात देवळात शिरली. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पहिल्या बाकावर ताठ बसली. मिस्सा संपल्यावर नवऱ्या मुलाची आजी सरळ तिच्याकडे आली. त्या रेशमी साडीतल्या बाईंनी आईच्या पदराची कड बोटांत धरली.

"सुरेख दिसता हो," त्या म्हणाल्या. "नगरकडे आम्हीही नेसायचो. शहरात आले आणि टाकलं. कुणी टाक म्हणालं नव्हतं, मलाच लाज वाटली."

आई बाकावर सरकली. "बसा," म्हणाली.

जेवणं होईपर्यंत त्या आईजवळून हलल्या नाहीत. स्टेजवर फोटोंसाठी रांग लागली तेव्हा माझी लेक सगळ्या पाहुण्यांना थांबवून खाली उतरली आणि आजीला हाताला धरून वर घेऊन गेली.

"आधी आजीबरोबर काढा," ती फोटोवाल्याला म्हणाली. "आणि लुगडं पायापासून दिसलं पाहिजे."