कस्तुरीच्या पौर्णिमा

कस्तुरीला सतरावं लागलं तेव्हा ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती आणि पौर्णिमेचा तिला मनापासून वीट आला होता. के. आर. पुरमला राहणारं तिचं मराठी कुटुंब कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचंच. आईवडील, काका-काकू, चुलत भावंडं आणि सगळ्यांवर वचक असलेली आत्या, संध्याअक्का, मिळून अकराजण. पौर्णिमेचा चंद्र वर आला की अकराच्या अकरा लांडगे व्हायचे. लग्नंही तशाच घरांत व्हायची.

पूर्वी वस्तीच्या पलीकडे निलगिरीचं रान होतं, तिथे चालत जाता यायचं. त्या जागी इमारती उठल्यावर पौर्णिमेच्या दुपारीच टेम्पोत बसून लांबच्या डोंगराकडे निघावं लागे. टेम्पो धाकटा काका चालवायचा.

प्राणेश तिच्या वर्गातला, मारतहळ्ळीचा. मृदंग वाजवायचा. त्याचे देवळातले कार्यक्रम नेमके पौर्णिमेच्या संध्याकाळी असत. चार वेळा त्याने तिला बोलावलं. चार वेळा तिने ताप, पाहुणे, पोटदुखी असं काहीतरी सांगितलं. पाचव्यांदा त्याने बोलावलंच नाही. ते तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिने त्याला सगळं खरं सांगून टाकलं.

तो हसला. तेव्हा तिने मूठ उघडून तळहातावरची राखाडी लव दाखवली. त्याच्या बंद दप्तराच्या तळाशी आठवडाभर विसरलेला वडा आहे, हेही सांगितलं. वडा निघाला. प्राणेश घाबरला, पण पळाला नाही. उलट त्या दिवसापासून तो उपाय शोधू लागला. डॉक्टरांचे पत्ते पाठवायचा, कसले कसले व्हिडिओ पाठवायचा.

"एकदा चुकवलंस की सुटेल," तो म्हणायचा. "माझ्या वडिलांची सिगारेट अशीच सुटली."

सिगारेटशी केलेली तुलना तिला झोंबली. घरी तिने एका पौर्णिमेची सुट्टी मागितली, तर कारण ओळखून अक्का म्हणाली, "एक जरी कमी असला तरी बाकीचे हलत नाहीत, पोरी. आणि त्या मुलाला मनातून काढ." अक्का आणि प्राणेश, दोघांनाही तिचं भलं कशात आहे ते नक्की ठाऊक होतं. तिला काय हवंय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेला दुपारी तिने अडगळीच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. तुम्ही जा, असं दारातूनच ओरडून सांगितलं. कुणी गेलं नाही. टेम्पो रस्त्यावर उभाच राहिला. रात्रभर दहा लांडगे बाहेरून दार खरवडत राहिले आणि आतून ती.

सकाळी तिने कडी काढली. दाराच्या लाकडाच्या ढलप्या निघाल्या होत्या. अक्काच्या दोन बोटांची नखं मुळापासून उखडली होती. पट्टी बांधलेल्या हातानेच तिने चित्रान्न वाढलं, "स्वल्प तरी खा," म्हणाली. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर कस्तुरीला भांडता आलं असतं.

सोमवारी प्राणेश खुशीत होता. "जमलं की नाही? आता दर महिन्याला असंच कर."

घरच्यांचं काय झालं, हे त्याने विचारलं नाही. तिनेच अक्काच्या बोटांचं सांगितलं.

"हळूहळू त्यांनाही सवय होईल," तो म्हणाला.

तो वाईट मुलगा असता तर सोपं झालं असतं. ती तासाला निघून गेली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला ती टेम्पोत मागच्या सीटवर बसली. डोंगरावर मात्र पहाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे धावली. धावताना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही तिला सकाळी राग आला.

आता ती बी.कॉम. करते आहे. अक्का तुमकूरच्या एका घरातलं स्थळ सुचवते. कस्तुरीने दोनदा नाही म्हटलंय. प्राणेशशी बोलणं तुटलेलं नाही. भेटला की तो अजून हळूच विचारतो, सुटलं का. ती नाही म्हणते. मग दोघंही बसची वाट बघत उभी राहतात.